३४ फुटी मोटरहोम घेऊन शेनंडोआ : निघण्याआधी काय काय तपासावं?

एडिसनकर

नमस्कार मंडळी. वापरलेली २०१८ ची क्लास ए मोटरहोम (बससारखं चाकांवरचं घर) घेतली आहे. फोर्ड एफ-५३ चासी, ६.८ लिटरचं व्ही-१० पेट्रोल इंजिन, लांबी ३४ फूट, छतावरच्या एसीसकट उंची १२ फूट १० इंच, साडेबावीस इंची चाकं, दोन स्लाइड (गाडी उभी असताना बाहेर सरकणारे खोलीचे भाग), ५० अँपिअरचं कनेक्शन, ओनानचा ५५०० वॉटचा जनरेटर, घरगुती फ्रिज, आणि घराच्या भागासाठी ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. गाडी फक्त १४ हजार मैल चालली आहे, टायरची नक्षी नव्यासारखी आहे.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात न्यू जर्सीहून व्हर्जिनियातल्या शेनंडोआ राष्ट्रीय उद्यानात, तिथल्या बिग मेडोज कॅम्पग्राउंडला तीन रात्री. माणसं पाच. बेत असा : आय-९५ ने बाल्टिमोर, वॉशिंग्टन, मग फ्रंट रॉयलला स्कायलाइन ड्राइव्हवर (उद्यानातल्या डोंगरमाथ्यावरच्या रस्त्यावर) चढून दक्षिणेकडे. मागे छोटी गाडी ओढावी का, तेही ठरत नाहीये. एवढी मोठी गाडी आजवर हाकलेली नाही. कुठून सुरुवात करू?

घाटवळण

सुरुवात रस्त्यापासून करा, कारण हा रस्ता तुमच्या गाडीला चालणारच नाही.

फ्रंट रॉयलहून दक्षिणेला निघालात की बत्तिसाव्या मैलाशी, थॉर्नटन गॅपच्या जरा पुढे, मेरीज रॉक बोगदा लागतो. त्याची मोकळी उंची १२ फूट ८ इंच. तुमची गाडी १२ फूट १०. बिग मेडोज ५१ व्या मैलावर, म्हणजे बोगद्याच्या पलीकडे. तेव्हा दक्षिणेकडून या : हॅरिसनबर्गला आय-८१ सोडा, रूट ३३ ने पूर्वेला एल्कटनवरून स्विफ्ट रन गॅप (मैल साडेपासष्ट), तिथून उत्तरेला वळलं की बिग मेडोज चौदा-पंधरा मैलांवर. परततानाही तसंच.

बाल्टिमोरही टाळा. तिथल्या दोन्ही बोगद्यांमधून १० पौंडांहून मोठी प्रोपेनची टाकी नेता येत नाही. तुमची चासीला बसवलेली टाकी त्याहून कितीतरी मोठी असणार. पूर्वी अशा गाड्या तिथल्या फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून जायच्या, तो पूल २६ मार्च २०२४ ला जहाज धडकून पडला. आता आय-६९५ च्या पश्चिम बाजूने वळसा घालावा लागतो. पण इतकी यातायात कशाला? एडिसनहून आय-२८७, मग आय-७८ ने पश्चिमेला, तो आय-८१ ला मिळतो, आणि आय-८१ थेट हॅरिसनबर्गला. ट्रकांची गर्दी आहे, पण बोगदा नाही आणि उंचीची भानगड नाही.

फोनवरचा नेहमीचा नकाशा गाडीची उंची विचारत नाही. उंची, लांबी, वजन, प्रोपेन भरता येतील असं आरव्हीचं (मोटरहोमसारख्या गाड्यांसाठीचं) जीपीएस घ्या. उंची कागदावरून घेऊ नका. सपाट जमिनीवर, टायरात हवा भरलेली असताना, सर्वांत उंच भागावर सरळ पट्टी आडवी धरून मोजा, त्यात ३ इंच मिळवा आणि तो आकडा स्टिअरिंगजवळ चिकटवा. न्यूयॉर्क-कनेटिकटच्या पार्कवेंवर तर जायचंच नाही; मेरिट पार्कवेवर ८ फुटांची मर्यादा आहे.

वजनकाटा

रस्ता झाला, आता टायर. १४ हजार मैल आणि नव्यासारखी नक्षी, इथेच लोक फसतात. मोटरहोमचा टायर झिजून जात नाही, वयाने जातो. उभ्या गाडीचा टायर उन्हाने आणि ओझोनने आतून-बाहेरून कडक होतो, नक्षी शाबूत राहते आणि हायवेवर एक दिवस तो फाटतो. टायरच्या बाजूवर 'DOT' या अक्षरांपुढचे शेवटचे चार आकडे वाचा : ४९१७ म्हणजे २०१७ चा ४९ वा आठवडा. चासी आधी बनते, घर नंतर बसतं, त्यामुळे २०१८ च्या गाडीवर २०१७ चे टायर निघाले तर नवल नाही. मागच्या जोडचाकांतल्या आतल्या टायरचा आकडा बहुतेकदा आतल्या बाजूला असतो, आरसा-टॉर्च घेऊन खाली जा. मूळचेच असतील तर सहाही बदलूनच निघा. पैसे कमी पडत असतील तर निदान पुढचे दोन आधी. पुढचा फुटला तर स्टिअरिंग हातातून जातं, आणि मागच्याची चिंधी फाटली तर चाकाच्या वरच्या भागातल्या वायरी-पाइप ओरबाडून नेते.

मग हवा. ट्रक स्टॉपवर कॅटचा वजनकाटा असतो. पाच माणसं, पाणी, पेट्रोल, सामान सगळं भरून गाडी काट्यावर घ्या. पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलचं वजन वेगवेगळं छापून मिळतं. टायर कंपनीच्या तक्त्यात त्या वजनाला किती दाब लिहिलाय तो पाहा, त्यावर ५ पीएसआय जास्त ठेवा. दाब थंड टायरचा मोजायचा, सकाळी, गाडी हलवण्याआधी. अंदाजाने ठासून हवा भरली की गाडी उड्या मारते आणि प्रत्येक ट्रकच्या वाऱ्याने भरकटते. लोक मात्र दोष चासीला देतात.

पाण्याचा गॅलन ८.३३ पौंड. ७५ गॅलनची टाकी भरली की सव्वासहाशे पौंड झाले. दाराच्या आतल्या बाजूला पिवळी पट्टी असते, माणसं आणि सामान मिळून किती पौंड चालतील ते त्यावर लिहिलेलं असतं. एक बेरीज मात्र बहुतेक जण विसरतात. समजा भरल्या गाडीची मर्यादा २२ हजार आणि ओढलेल्या गाडीसकट एकूण मर्यादा २६ हजार. हुकवर ५ हजार छापलेलं असलं तरी काठोकाठ भरलेल्या गाडीमागे ४ हजारच ओढता येतात. शिवाय ओढल्या गाडीला वेगळी ब्रेक यंत्रणा लागते, आणि चारही चाकांवर ओढत असताना रिव्हर्स घेता येत नाही. पुढची चाकं आडवी होतात. पहिल्याच सहलीला ओढू नका असं माझं मत.

चालवण्याबद्दल थोडं. तुमची सीट पुढच्या चाकांच्या जवळजवळ वर, कधी पुढेच असते. म्हणून कारपेक्षा उशिरा वळायचं : मनात येईल त्यानंतर आणखी अर्ध्या गाडीइतकं पुढे जाऊन. पण खरी काळजी शेपटीची. मागच्या चाकांमागे दहा-बारा फूट धड लोंबतं, तुम्ही उजवीकडे वळलात की ते डावीकडे झोकतं. ढोबळ हिशेब, दर तीन फुटांमागे एक फूट. रविवारी सकाळी मॉलच्या रिकाम्या पार्किंगमध्ये गाडी पांढऱ्या पट्टीला लागून उभी करा, स्टिअरिंग पूर्ण फिरवून हळू पुढे घ्या, आणि दुसऱ्याला मागचा कोपरा पट्टीबाहेर किती गेला ते खडूने मांडायला सांगा. तो आकडा पाठ झाला की पेट्रोल पंपावरच्या लोखंडी खुंटाला कोपरा घासणार नाही. पंपाशी आल्यावर लगेच वळून निघू नका, मागची चाकं खुंटापुढे जाईतो सरळ या.

गाडीची रुंदी साडेआठ फूट, लेन १२ फूट. दोन्हीकडे जेमतेम २१ इंच उरतात, त्यातही आरसे बाहेर. नवखा माणूस डावी रेघ जवळ वाटते म्हणून उजवीकडे सरकत जातो. दर काही सेकंदांनी दोन्ही आरशांतून मागची चाकं आणि रेघ पाहायची, एवढीच सवय.

चढावर व्ही-१० चार-साडेचार हजार आरपीएमला ओरडेल. ओरडू दे, ते तसंच बनवलंय. स्विफ्ट रन गॅपहून उतरताना माथ्यावरच टो-हॉल (खालचा गिअर धरून ठेवणारं बटण) दाबा, वेग आधीच कमी करा. ब्रेकवर पाय ठेवून उतरायचं नाही. ठरवलेल्या वेगाच्या ५ मैल खाली येईतो नीट दाबा, सोडा, वेग चढू द्या, पुन्हा दाबा. सतत घासला की ब्रेक तापतो, जुन्या ब्रेक ऑइलात मुरलेलं पाणी उकळतं आणि पेडल जमिनीला टेकतं. ते ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. २०१८ पासून कोणी हात लावला नसेल तर आत्ताच बदला.

फोडणी

वरच्यांनी यंत्राचं सांगितलं. पाच माणसं तीन रात्री राहणार, तर पाण्याचं आणि संडासाचं कोणी बोलेना!

बिग मेडोजच्या साइटवर पाणी, वीज, सांडपाणी, काहीच जोडणी नाही. आत जाताना पाणी भरून न्या. टाकी खाली करायची सोय तिथे आहे, पण गाडी हलवून जावं लागतं. म्हणजे तुमची मर्यादा पाण्यावर नाही, ग्रे टँकवर (सिंक-अंघोळीचं सांडपाणी साठतं ती टाकी). अंघोळ म्हणजे अंग ओलं, नळ बंद, साबण, मग धुणं : माणशी ३ गॅलन. पाच जणांचे १५ झाले. भांडी त्यावर.

आपल्या स्वयंपाकाची एक अडचण आहे. फोडणीचं तेल आणि भाताची पेज ग्रे टँकच्या भिंतीवर आणि सेन्सरवर थर धरतात, मग टाकी रिकामी असली तरी दिवा 'भरली' म्हणतो. कढई-पातेली आधी पेपर टॉवेलने कोरडी पुसून कचऱ्यात, मग धुवायला. सिंकमध्ये बारीक जाळी. वरणाची शितं आत गेली की तिसऱ्या दिवशी वास येतोच.

ब्लॅक टँकचा (संडासाच्या टाकीचा) व्हॉल्व्ह कायम बंद, पूर्ण जोडणीच्या जागीसुद्धा. उघडा ठेवला की पाणी वाहून जातं आणि घट्ट ते खाली ढिगासारखं साचून वाळतं. मग ते पहारीने काढायची वेळ. सुरुवातीला दोन-तीन गॅलन पाणी आणि औषध टाका, दर वेळी भरपूर पाणी सोडा. रिकामी करताना आधी ब्लॅक, मग ग्रे. साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. हातमोजे घालाच. कागद विरघळतो का ते घरीच पाहा : बरणीत पाण्यात टाकून हलवा, लगदा झाला तर चालेल.

निघण्याआधी पिण्याच्या टाकीचं निर्जंतुकीकरण : दर १५ गॅलनला पाव कप बिनवासाचं ब्लीच, आधी बादलीत पातळ करून. पंप चालू करून प्रत्येक नळ, गरम-थंड दोन्ही, ब्लीचचा वास येईतो सोडा. रात्रभर ठेवा, दोनदा भरून काढा.

गीझरच्या विजेच्या बटणाला मात्र टाकीत पाणी असल्याची खात्री झाल्याशिवाय हात लावू नका. कोरडा चालला की एलिमेंट काही सेकंदांत जातो. टाकी सबर्बनची असेल तर तीत अ‍ॅनोडची कांडी (टाकीऐवजी स्वतः गंजणारी) असते, गीझर थंड करून, दाब सोडून काढा. तीन चतुर्थांश खाल्ली गेली असेल तर बदला. अ‍ॅटवूडच्या अ‍ॅल्युमिनियम टाकीला ती लागत नाही.

आणि जमिनीलगतचा प्रोपेनचा अलार्म. त्याला वयोमर्यादा असते, पाच-सात वर्षं. २०१८ चा मूळचा असेल तर तो बादच समजा.

एडिसनकर

बोगद्याबद्दल दंडवत, दोन इंचांनी छत गेलं असतं. आय-७८/८१ पक्कं. टायरचा आकडा ४४१७ निघाला, म्हणजे सहाही टायर बदलणं आलं. छोटी गाडी घरीच.

पण वीजच नाही म्हटल्यावर फ्रिज आणि रात्रीचं हीटर या दोन बॅटऱ्यांवर चालेल का?

शून्य व्होल्ट

नाही चालणार. हिशेब करू. ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या ओळीने जोडून १२ व्होल्टला साधारण २२० अँपिअर-अवर मिळतात. लेड-अ‍ॅसिड अर्ध्याखाली उतरवायची नाही, नाहीतर आयुष्य घटतं. म्हणजे हाती ११०. घरगुती फ्रिज इन्व्हर्टरवर दिवसाला एकटाच तेवढं खातो, कधी जास्तच. हीटर जळतो प्रोपेनवर, पण त्याचा पंखा ८ अँपिअरच्या आसपास घेतो. ऑक्टोबरच्या रात्री डोंगरावर तो दहा तासांतले पाच तास चालला तर ४० गेले.

उपाय दोन. एक, दोनऐवजी चार तशाच बॅटऱ्या, चारही एकाच वयाच्या. जुनीला नवी जोडली तर नवी जुनीसारखी होते. लिथियम घ्याल तर चार्जर त्याला चालणारा आहे का पाहा, आणि शून्य अंश सेल्सिअसखाली ती चार्ज करायची नाही. दुसरा, फुकटचा : जेवण घरूनच गोठवून न्या, रात्री इन्व्हर्टर बंद करा, फ्रिज सकाळपर्यंत उघडू नका. सकाळी मल्टिमीटर लावा, १२.१ व्होल्ट म्हणजे अर्ध्यावर आलात.

तिथे जनरेटर ठरावीक तासांतच चालवता येतो, वेळा फलकावर वाचा. मिक्सर, मायक्रोवेव्ह, चार्जिंग सगळं त्याच तासांत उरका. पण तो सुरू होतो का ते आजच बघा. कमी चाललेल्या गाडीचा ओनान हमखास अडतो, कारण उभ्या पेट्रोलचा कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर बसतो. बटण 'स्टॉप' बाजूला काही सेकंद दाबून ठेवलं की पेट्रोल वर चढतं, मग 'स्टार्ट'. महिन्यातून एकदा तास-दोन तास एक एसी आणि गीझर लावून चालवायचा. रिकामा फिरवून उपयोग नाही. ऑइल दर १५० तासांनी. मुख्य टाकी पावाखाली गेली की तो बंद पडतो, तुम्ही परतीला अडकू नये म्हणून नळीच तिथपर्यंत दिलेली असते. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तपासा, आणि धूर निघतो त्या बाजूच्या खिडक्या बंद.

घरी ड्राइव्हवेवर अडॅप्टर लावून १५ अँपिअरच्या सॉकेटला जोडलीत तर फ्रिज आणि चार्जर चालेल, एसी नाही. पुढे कधी ५० अँपिअरच्या खांबाला लावाल तेव्हा आधी ईएमएस (व्होल्टेज बिघडला की वीज तोडणारं यंत्र) लावा. न्यूट्रल तुटलेला असेल तर एका बाजूचा व्होल्टेज उसळतो आणि मायक्रोवेव्ह-टीव्ही एका झटक्यात जळतात.

वजनकाटा

राहिलेलं एक. साइट उताराची असेल तर मागच्या जॅकने मागची चाकं हवेत उचलू नका. या चासीचा पार्किंग ब्रेक पुढच्या चाकांना लागतच नाही. मागची उचलली की गाडी पुढच्या दोन मोकळ्या चाकांवर घरंगळू शकते. चाकांखाली लाकडी फळ्या घाला, जॅकखालीही दीड-दोन फुटी प्लायवूड, ओल्या मातीत पाय रुततो. तरी समतल होत नसेल तर दुसरी साइट मागा.

घाटवळण

आणि ऑक्टोबर आहे, वर ओकची झाडं. स्लाइड आत घेण्याआधी शिडी लावून तिच्या छतावरची फळं-काटक्या झाडून टाका, एक ओकफळ सुद्धा सील कापतं. शिडी लावलीच आहे तर छताच्या सांध्यांवरचं सीलंट पाहा. भेगा असतील तर डायकॉरचं आपोआप पसरणारं सीलंट आडव्या भागावर, उभ्यावर न ओघळणारं. साधं सिलिकॉन लावू नका, ते सुटतं आणि त्यावर पुन्हा काहीच धरत नाही.

एडिसनकर

शिडी आजच लावतो. टायरवाल्याकडे शनिवारची वेळ मिळाली. परत आल्यावर हिवाळ्यासाठी पाइप रिकामे करायचे आहेत, त्याचा वेगळा धागा काढू का?

फोडणी

वेगळा कशाला, चार ओळींचं काम आहे. गीझर थंड करून रिकामा करा, बायपास फिरवा, म्हणजे अँटिफ्रीझ गीझरमध्ये जाणार नाही. सगळ्या टाक्या रिकाम्या. मग गुलाबी आरव्ही अँटिफ्रीझ (प्रॉपिलीन ग्लायकॉल, इंजिनचं हिरवं नव्हे, ते विषारी) दोन-तीन गॅलन, पंपाच्या नळीने ओढून प्रत्येक नळातून गुलाबी येईतो सोडा. बाहेरचा शॉवर आणि फ्रिजच्या बर्फाची नळी विसरतात, तीच फुटते. शेवटी प्रत्येक मोरीत एक-एक कप.