मदत हवी आहे: डिस्चार्ज कार्डावर ट्रामाडॉलच्या किती गोळ्या लिहाव्यात?

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या छोट्या नर्सिंग होमसाठी ऑपरेशननंतरच्या वेदनाशामकांचा छापील नमुना करतोय. गाडं अडलंय ट्रामाडॉल या अफूवर्गातल्या, सवय लागू शकणाऱ्या वेदनाशामकापाशी. नुसतं 'एसओएस' (गरज पडली तरच) लिहिलं की पेशंट अख्खी स्ट्रिप घेतो, दुखणं थांबलं तरी झोपेसाठी गोळी चालू राहते, उरलेली घरात कुणाच्या तरी कंबरदुखीला जाते.

सध्याचा मसुदा: दुर्बिणीतून हर्निया किंवा पित्ताशय असेल तर पॅरासिटामॉल ६५० दर ६ तासांनी, दुखण्याची वाट न पाहता, लिव्हर ठीक हवं. किडनी, पोट ठीक असेल तर जेवणानंतर आयबुप्रोफेन ४००. त्यावरही खोकताना, उठताना असह्य झालं तरच ट्रामाडॉल ५०, एकूण ६ गोळ्या, आकडा अक्षरीसुद्धा, पुढे 'पुन्हा देऊ नये'. फिट येत असतील किंवा एस्सिटालोप्राम (नैराश्यावरची गोळी) चालू असेल तर ट्रामाडॉल नाहीच. (ट्रामाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी मुद्दाम वगळली, पॅरासिटामॉल नकळत दुप्पट होतं.)

गुडघा बदलल्यावर मात्र ६ गोळ्या पुरणार नाहीत. फिजिओ चालू असताना तुम्ही किती दिवसांचं देता, कमी कसं करत आणता? औषध दुकानातल्या शेड्यूल एच१च्या (नोंद ठेवूनच विकायच्या औषधांच्या) रजिस्टरात विक्रीची नोंद होते, उरलेल्या गोळ्यांची नाही. टाके काढायला येताना स्ट्रिप आणायला सांगून मोजता का? पेशंटला कळेल असा मराठी मजकूर कुणाकडे तयार असेल तर इथे टाका.