कस्तुरचंद पार्कला सगळे केपी म्हणतात ते ठीक, पण कस्तुरचंद कोण होते?

सदरची_मॅडम
नमस्कार मंडळी. आमच्या शाळेत आठवीला परिसरातल्या एका जागेवर प्रकल्प करायचा आहे. माझ्या गटाने आपल्या नागपूरचं कस्तुरचंद पार्क मैदान घेतलं. २६ जानेवारी आणि १ मेचं संचलन, दसऱ्याचं रावणदहन, निवडणुकीच्या सभा, मेट्रो स्टेशन, हे सगळं पोरांनी फटाफट लिहून काढलं. मग एका मुलीने विचारलं, "मॅडम, कस्तुरचंद नाव काहून आहे?" डागा या आडनावापुढे मला काही सांगता आलं नाही. घरी विचारलं, शेजारी विचारलं, सगळ्यांचं तिथेच अडलं. कोणाला नीट माहिती असेल तर सांगा. मुलं वाट बघून राहिली आहेत.

कामठी_लाइन
ताई, डागा मूळचे बिकानेरचे, पण पेढी आमच्या कामठीची. बन्सीलाल अबीरचंद हे पेढीचं नाव. आजोबांच्या तोंडी ते एखाद्या बँकेसारखं यायचं. बाकी महालवाले काका सांगतील, त्यांना जागांचं सगळं ठाऊक असतं.

महालवाले_काका
मॅडम, तुमच्या विद्यार्थिनीला माझी शाबासकी सांगा. मी भूमापनात नोकरी केली. नकाशाच्या शीट आणि आखीव पत्रिका, म्हणजे शहरातल्या जागेच्या हक्काचे कागद, बघण्यात उमर गेली, म्हणून आधी जागेचं सांगतो, माणसाचं मग.

हे मैदान सीताबर्डीच्या किल्ल्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. आता मधे इमारती, रस्ते, मेट्रो सगळं आलं, त्यामुळे तसं वाटत नाही. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज बर्डीच्या टेकड्यांवर लढले. भोसले हरले आणि नागपूरचा कारभार हळूहळू इंग्रजांच्या हातात गेला. जून २०२० मध्ये केपीवर खोदकाम चालू असताना मातीखालून चार तोफा निघाल्या, ती बातमी मुलांच्या आईवडिलांना नक्की आठवत असेल. माझ्या डोळ्यांसमोर ती माती अजून आहे. आपण वर्षानुवर्षं ज्या जमिनीवर खुर्च्या मांडल्या, पोरांनी स्टंप रोवले, तिच्या पोटात तोफा होत्या.

लढाईनंतर चार वर्षांत, १८२१ ला, कामठीला इंग्रज फौजेची छावणी बसली. छावणी आली की पगार आला, पगार आला की खजिना सांभाळणारा आणि हुंडी वटवणारा आला. मारवाडातले सावकार कामठीला येऊन स्थिरावले ते या धंद्यामुळे, आणि त्यांतलं सगळ्यात मोठं नाव डागांचं झालं. कस्तुरचंद डागा यांचा काळ १८५५ ते १९१७. त्यांच्या हाताखाली पेढी नुसती सावकारी राहिली नाही, कापसाच्या गिरण्या आणि खाणींपर्यंत गेली. सरकारने त्यांना दिवाण बहादूर केलं, पुढे 'सर' केलं. पण सावकार, गिरणीवाले आणि किताबवाले त्या काळात पुष्कळ झाले. त्यांतल्या बहुतेकांची नावं आज कोणाला सांगता येणार नाहीत. कस्तुरचंदांचं नाव उरलं ते शहराच्या ऐन मध्यात डागांकडून मिळालेल्या या मोकळ्या मैदानामुळे.

आता मला जे मनापासून सांगायचं आहे ते. दान दोन तऱ्हेचं असतं. कामठीचेच दुसरे दानशूर बघा, रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण. मँगनीजच्या खाणींचे मालक. १९३० ला गेले आणि जाताना सुमारे ३५ लाखांची मिळकत नागपूर विद्यापीठाला देऊन गेले. त्यातून १९४२ ला लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था, आपली एलआयटी, सुरू झाली. तिथे इमारत आहे, प्रयोगशाळा आहे, दरवर्षी नवी पोरं येतात. दात्याने पैसा कशासाठी दिला हे कोणालाही दिसतं. मैदानाचं तसं नसतं. मैदान दिलं म्हणजे मोकळेपण दिलं, आणि मोकळी जागा दिसली की जो तो विचारतो, इथे काय बांधता येईल? कोणाला वाहनतळ पाहिजे, कोणाला प्रदर्शनाचे कायमचे गाळे. तिथे काही नसणं हीच देणगी आहे, हे पटवून द्यायला घसा कोरडा करावा लागतो.

कागदसुद्धा फार साथ देत नाही. आखीव पत्रिकेत क्षेत्रफळ असतं, धारणाधिकार, म्हणजे जागा कोणत्या हक्काने ताब्यात आहे ते, असतो, फेरफाराच्या नोंदी असतात. जागा कोणी आणि काय म्हणून दिली, ते असलंच तर शेऱ्यात एखाद्या ओळीत. जुन्या पत्रिकेवरून नवी लिहिताना कारकुनाने घाईत तेवढी ओळ सोडली की दाता गेला, इरादाही गेला. कोणत्या जागेचं ते सांगत नाही, पण असं झालेलं मी बघितलं आहे, आणि तेव्हा जेवण गोड लागलं नव्हतं. केपीचं नशीब की शहराच्या वारसा यादीत ते पहिल्या श्रेणीत आहे. मैदानाच्या अवस्थेची उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही स्वतःहून दखल घेतली. तेवढा तरी आधार आहे.

उमरेड_रोडवाली
काका, तुम्ही मैदानाचं सांगितलं, मी दवाखान्याचं सांगते. गांधीबागेकडचा डागा स्मृती शासकीय स्त्री रुग्णालय, तोच हा डागा. माझा जन्म तिथला, माझ्या दोन्ही पोरांचाही. आमच्याकडे कोणी "रुग्णालयात भरती केलं" म्हणतच नाही, "डागात नेलं" म्हणतात. आई सांगते, मी झाले तेव्हा वॉर्डात पारशिवनीकडची एक बाई होती, तिच्या सासूने तिथल्या तिथे दोघींना डिंकाचा लाडू दिला. मॅडम, तुमच्या वर्गात विचारून बघा, निम्मी मुलं डागात जन्मलेली निघतील. त्यांना कस्तुरचंद परका वाटायचं कारणच नाही.

कामठी_लाइन
उमरेडवाल्या ताई, हे फार छान जोडलं. वर्गात जन्माचा दवाखाना विचारायचा आणि मग मैदानावर न्यायचं. प्रकल्प तिथेच अर्धा झाला.

सदरची_मॅडम
सगळ्यांचे मनापासून आभार. काका, लक्ष्मीनारायण आणि कस्तुरचंद दोघांचं शेजारी शेजारी लिहायचं ठरलं. मुलांना मैदानावर न्यायचं आहे. नेमकं काय दाखवू?

महालवाले_काका
सकाळी न्या, आठच्या आत, ऊन चढायच्या आधी. मैदानातल्या जुन्या छत्रीपासून, म्हणजे घुमटांच्या मंडपापासून, सुरुवात करा. मुलांना तिच्या खांबांची आणि घुमटांची चित्रं काढू द्या, फोटो नको, हाताने काढलं की नजर थांबते. मग रिझर्व्ह बँकेच्या बाजूने संविधान चौकात या, पुढे झिरो माइलचा, म्हणजे अंतरं मोजण्याचा, खांब दाखवा. किल्ला एरवी बंद असतो, पण वर्षातल्या काही राष्ट्रीय दिवशी लोकांसाठी उघडतो, तेव्हा दुसरी फेरी करा. आणि मैदानाची लांबी-रुंदी मुलांना पावलांनी मोजायला लावा. दोन गट करा, एक लांबी मोजेल, एक रुंदी. पाऊल किती फुटाचं ते आधी टेपने ठरवून घ्या, नाहीतर उंच पोरांचा आणि बुटक्या पोरांचा हिशोब जमणार नाही. नकाशा झाला की इथे टाका, मी तपासून देतो.