मदत हवी आहे : इम्युलेटरवर नीट वाजणारी चिपट्यून खऱ्या कमोडोर ६४ वर का बिघडते?

नमस्कार.

मी गेली दीड वर्षे गोटट्रॅकर या संगीत रचण्याच्या प्रोग्राममध्ये कमोडोर ६४ या जुन्या घरगुती संगणकासाठी चिपट्यून, म्हणजे त्याच्या ध्वनिचिपवर वाजणाऱ्या चाली, रचतो आहे. आजवर हे सगळे काम लॅपटॉपवरच, इम्युलेटरमध्ये (त्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) झाले. ज्या यंत्रासाठी रचत होतो, त्याचा आवाज प्रत्यक्ष कधी ऐकला नव्हता. गेल्या महिन्यात जुन्या घडणीचा, पाल या टीव्ही पद्धतीचा (सेकंदाला ५० चित्रे) एक चालू कमोडोर ६४ हाती आला. पहिल्याच संध्याकाळी माझी सर्वांत लाडकी, सुमारे तीन मिनिटांची चाल मी त्यावर लोड केली. लय बरोबर होती, सूरही बरोबर होते, पण खर्जाची ओळ भिंतीपलीकडून आल्यासारखी दबलेली होती आणि मधल्या जलद भागातले काही स्वर चक्क गायब होते. चाल माझीच आहे एवढे ओळखू येत होते, आणि त्याचेच जास्त वाईट वाटले.

यंत्र उघडून पाहिले, तर सिड या ध्वनिचिपवर ६५८१ हा क्रमांक आहे. ट्रॅकरमध्ये मात्र मी सुरुवातीपासून ८५८० हे नंतरचे मॉडेल निवडलेले होते, कारण त्याचा आवाज मला अधिक स्वच्छ वाटत असे. दोन्ही चिपांमध्ये तीनच आवाज, तेच चार मूळ तरंग (त्रिकोणी, करवती, पल्स आणि नॉइज) आणि तेच फिल्टर असते, म्हणून फरक फक्त गोडव्याचा असेल असे मी धरून चाललो होतो. ती समजूत चुकीची ठरली. नेमके काय बिघडते आहे ते शक्य तितके तपशिलाने लिहितो.

सर्वांत मोठी अडचण खर्जाची आहे. पहिल्या आवाजावर करवती तरंग आहे आणि तो लो-पास (फक्त खालच्या कंप्रता जाऊ देणाऱ्या) फिल्टरमधून जातो. प्रत्येक मात्रेच्या सुरुवातीला फिल्टर थोडे उघडते आणि मग हळूहळू मिटते. लॅपटॉपवर त्यामुळे प्रत्येक स्वराला एक गोल, ओलसर ठोका मिळतो. खऱ्या यंत्रावर तो ठोका मुळीच ऐकू येत नाही. कटऑफचे (फिल्टर कुठवर उघडावे हे ठरवणारे) आकडे बदलून पाहिले, तर बराच काळ काहीच फरक पडत नाही आणि मग अचानक फिल्टर इतके उघडते की खर्ज कर्कश होतो. मला हवी असलेली मधली जागा सापडतच नाही.

दुसरी अडचण दुसऱ्या आवाजावरच्या मुख्य सुरावटीची आहे. जलद भागात ट्रॅकरमधली प्रत्येक ओळ (एका स्वराची जागा) तीन फ्रेमची, म्हणजे पडद्यावरच्या तीन चित्रांच्या काळाची, ६० मिलिसेकंदांची आहे. त्यातले काही स्वर उशिरा उमटतात, काही उमटतच नाहीत, आणि दर फेरीत वेगळेच स्वर गळतात. ट्रॅकरमध्येही एखादा स्वर कधीतरी मंद लागत असे, पण तिकडे मी लक्ष दिले नव्हते. या वाद्याचा हार्ड रिस्टार्ट (नव्या स्वराआधी आवाज क्षणभर मिटवण्याची सोय) मी मुद्दाम बंद ठेवला आहे, कारण तो चालू केला की प्रत्येक स्वराचा शेवट कापला जातो आणि सुरावट तुटक होते. अटॅक (स्वर चढण्याचा वेळ) ० आणि रिलीज (तो विरण्याचा वेळ) ९ आहे. हार्ड रिस्टार्ट न वापरता हे स्वर वाचवता येतील का?

शेवटच्या कडव्यात तिसऱ्या आवाजावर करवती आणि पल्स हे दोन तरंग एकत्र वापरून मी एक घंटेसारखे वाद्य केले होते. ६५८१ वर ते जवळजवळ मुकेच आहे. याखेरीज स्पीकरमधून सतत बारीक घरघर येते आणि पडद्यावरचे चित्र बदलले की तिचा पोतही बदलतो.

८५८० चिप विकत घेऊन या यंत्रात बसवावी, की चाल ६५८१ साठी नव्याने बांधावी? ज्यांनी दोन्ही चिपांवर काम केले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. हीच चाल एनटीएससी या दुसऱ्या टीव्ही पद्धतीच्या यंत्रावर वाजवली तर काय होईल, हेही कोणी सांगितले तर बरे होईल.

प्रतिसाद १

प्रथम अत्यंत महत्त्वाचे : आपल्या यंत्रात ८५८० चिप तशीच बसवू नका. ६५८१ ला १२ व्होल्ट लागतात आणि ८५८० ला ९ व्होल्ट. जुन्या बोर्डाच्या सॉकेटमध्ये ८५८० घातली तर ती जळण्याची पूर्ण शक्यता आहे. दोन्ही चिपांच्या फिल्टरसाठी बोर्डावर जे कपॅसिटर लागतात, त्यांची मूल्येही वेगळी आहेत. ६५८१ साठी ती ४७० पिकोफॅरड, तर ८५८० साठी २२ नॅनोफॅरड असतात.

मी स्वतः बरीच वर्षे ६५८१ वरच रचते, त्यामुळे माझे मत चाल नव्याने बांधण्याकडे झुकते हे आधीच सांगते. या चिपचे फिल्टर हा तिचा दोष मानला जातो, पण १९८२ पासून लोकांना या यंत्राचा म्हणून जो आवाज ओळखीचा झाला, त्यात त्या फिल्टरच्या खरखरीचा वाटा मोठा आहे. अडचण एवढीच की दोन ६५८१ चिपांची फिल्टरे सारखी वागतील याची खात्री नसते. ८५८० मध्ये कटऑफचा आकडा आणि प्रत्यक्ष कंप्रता यांचे नाते जवळपास सरळ रेषेचे असते. ६५८१ मध्ये खालचे आकडे कितीही हलवले तरी फिल्टर जागचे हलत नाही आणि एका ठरावीक टप्प्यानंतर ते एकदम वर धावते. आपल्याला मधली जागा सापडत नाही, ती यामुळेच.

म्हणून आधी आपल्या चिपचा स्वभाव मोजून घ्यावा. करवती तरंगावर एकच खर्जाचा स्वर धरून ठेवा, कटऑफ शून्यापासून वरपर्यंत अगदी सावकाश न्या आणि कोणत्या आकड्याला आवाज उघडू लागतो व कोणत्या आकड्याला तो पूर्ण उघडतो, हे कागदावर टिपून ठेवा. आपल्या ठोक्याची सगळी हालचाल त्या दोन आकड्यांच्या मध्येच बसवायला हवी. दुसऱ्याच्या यंत्रावर हे आकडे बदलणारच; तेव्हा खर्जाचे अस्तित्व फिल्टरवर सोपवू नका. पल्स तरंग घेऊन त्याची रुंदी हळूहळू बदलत ठेवली, तर फिल्टरशिवायही स्वर जिवंत राहतो आणि तो प्रत्येक चिपवर सारखाच ऐकू येतो. कमोडोर ६४ चे संगीतकार रॉब हबर्ड यांच्या चाली या दृष्टीने पुन्हा ऐकाव्यात. पल्सची रुंदी बदलून एका आवाजातून केवढी भरीव सुरावट निघते, ते त्यांत स्पष्ट कळते.

गळणाऱ्या स्वरांचे कारण निराळे आहे आणि ते ८५८० वरही लागू आहे. सिड चिपमधल्या एन्व्हलपचा, म्हणजे स्वराच्या चढ-उताराचा, वेग एक मोजयंत्र ठरवते. अटॅक ० असेल तर ते चिपच्या घड्याळाच्या ९ चक्रांपर्यंत मोजून पुन्हा शून्यावर येते, आणि रिलीज ९ असेल तर ९७७ चक्रांपर्यंत मोजते. रिलीज चालू असताना मोजणी समजा ५०० वर आहे आणि त्याच क्षणी आपण नवा स्वर सुरू केला. आता चिप ९ या आकड्याची वाट पाहू लागते, पण मोजणी त्याच्या केव्हाच पुढे गेलेली असते. मग ती ३२,७६८ पर्यंत पूर्ण वळसा घालून परत येईपर्यंत एन्व्हलप हलत नाही. पाल यंत्रावर या वळशाला सुमारे ३३ मिलिसेकंद लागतात. आपली ओळ ६० मिलिसेकंदांची आहे, म्हणजे अर्ध्याहून अधिक स्वर गिळला गेला. स्वर सुरू होण्याच्या क्षणी मोजणी कुठे असेल हे रजिस्टरमध्ये (चिपच्या आकडे ठेवण्याच्या जागेत) लिहिण्याच्या नेमक्या वेळेवर अवलंबून असते, आणि ती वेळ ट्रॅकरमध्ये व खऱ्या यंत्रावरच्या प्लेअरमध्ये (चाल वाजवणाऱ्या प्रोग्राममध्ये) तंतोतंत सारखी नसते. त्यामुळे दोन्हीकडे वेगवेगळे स्वर गळतात.

हार्ड रिस्टार्टमध्ये दोन फ्रेम आधीच आवाज मिटवून ही मोजणी ताळ्यावर आणतात. दोन फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद, तेव्हा तीन फ्रेमच्या ओळीत ते परवडत नाही ही आपली तक्रार रास्त आहे. यावर उपाय असा, की जलद भागात प्रत्येक स्वर नव्याने सुरूच करू नये. हार्ड रिस्टार्ट चालू ठेवून वाक्यांशाचा पहिला स्वर वाजवा आणि पुढच्या स्वरांना ट्रॅकरमधली ३ क्रमांकाची (सूर सरकवण्याची) कमांड शून्य मूल्यासह द्या. त्यामुळे एन्व्हलप तसेच चालू राहते आणि फक्त सूर बदलतो. बासरी वाजवणारा एकाच श्वासात चार स्वर घेतो, तसा परिणाम मिळेल. मात्र सस्टेन (धरलेल्या स्वराची पातळी) पुरेसा मोठा ठेवा, नाहीतर वाक्यांश शेवटाकडे विरत जाईल.

करवती आणि पल्स यांचे मिश्रण ६५८१ वर क्षीणच असते. घंटेसाठी त्रिकोणी तरंगावर रिंग मॉड्युलेशन (एका आवाजाने दुसऱ्याचा तरंग बदलण्याची सोय) वापरून पाहा.

प्रतिसाद २

घरघरीबद्दल : चित्राचे संकेत ध्वनीच्या वाटेत झिरपणे हा या यंत्राचा जुनाच विकार आहे. ऑडिओ-व्हिडिओ सॉकेटमध्ये आवाज बाहेर नेणाऱ्या पिनेबरोबर आवाज आत घेणारीही एक पिन असते. ती मोकळी राहिली की गोंगाट आत येतो. केबलच्या प्लगमध्येच तिला ग्राउंडशी जोडले तर फरक जाणवतो. घरघर पूर्ण जाईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. वीजपुरवठ्याचा डबा मूळचाच असेल, तर तो आजच बाजूला ठेवा. तो बिघडू लागला की ५ व्होल्टची बाजू वर चढते आणि मेमरीच्या चिपा जळतात.

एनटीएससीवर प्लेअर सेकंदाला ५० ऐवजी सुमारे ६० वेळा चालतो, त्यामुळे चाल जवळपास २० टक्के जलद होईल. चिपचे घड्याळही ९,८५,२४८ ऐवजी १०,२२,७२७ हर्ट्झचे असल्याने तेच आकडे सुमारे दोन-तृतीयांश सेमिटोनने (सप्तकाच्या बाराव्या भागापेक्षा थोडे कमी) चढे वाजतील. पालवर ४४० हर्ट्झसाठी रजिस्टरमध्ये ७४९३ लिहावे लागते, तर एनटीएससीवर ७२१८. त्यासाठी स्वरांचे वेगळे कोष्टक देऊन स्वतंत्र आवृत्ती काढणेच योग्य.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. वीजपुरवठा त्याच रात्री बदलला आणि ८५८० चा विचार सोडून दिला.

काल सांगितल्याप्रमाणे फिल्टर मोजले. माझ्या चिपवर कटऑफच्या पट्टीच्या पहिल्या एक-तृतीयांश हिश्श्यात काहीच घडत नाही आणि मी रचलेला ठोका नेमका त्याच हिश्श्यात होता. तो वर सरकवल्यावर खर्ज परत आला. लॅपटॉपवरच्याइतका गोल नाही, त्याला एक खरबरीत कड आहे, आणि दोन-तीनदा ऐकल्यावर तीच मला अधिक आवडू लागली. खर्जाखाली रुंदी बदलणारा पल्स घालण्याचे काम अर्धे झाले आहे.

जलद भागात ३ क्रमांकाची कमांड घातल्यावर एकही स्वर गळला नाही. सलग दहा फेऱ्या मोजून ऐकल्या. फक्त एका जागी एकच सूर लागोपाठ दोनदा येतो आणि तिथे ते दोन स्वर मिळून एक लांब स्वर झाला आहे. तेवढ्यासाठी त्या दुसऱ्या स्वराला हार्ड रिस्टार्ट द्यावा, की पल्सची रुंदी तिथे एकदम बदलून ठोक्याचा भास निर्माण करावा? दुसरा मार्ग कोणी वापरला असेल, तर रुंदी किती बदलली हे कृपया कळवावे.

प्रतिसाद १

रुंदी बदलूनच करा. मी अशा जागी पहिल्या फ्रेमला पल्स निम्म्यावर, म्हणजे २०४८ वर नेते आणि दुसऱ्या फ्रेमला एकदम ५१२ च्या आसपास आणते. त्याच्या जोडीला पहिल्या फ्रेमपुरता सूर एक सप्तक वर नेला, तर ठोका अधिक स्पष्ट उमटतो.