'सागरी मंच', 'वेदिका' की 'सोपान'?

प्रश्न : भूगोलावरचा एक लेख मराठीत आणतोय. 'मरीन टेरेस'ला, म्हणजे किनाऱ्यावरच्या उंचावलेल्या सपाट पायरीला, कुणी मंच म्हणतं, कुणी वेदिका, कुणी सोपान. सोपान म्हणजे अख्खा जिना ना? मग एकट्या पायरीला काय म्हणायचं? 'गच्ची' तर लिहवत नाही.

— 'मंच' खालच्यासाठी राखून ठेवा. लाटा कड्याच्या पायथ्याशी खाच पाडतात, वरचा खडक कोसळतो, कडा मागे सरकतो आणि पुढ्यात समुद्राकडे किंचित उतरता सपाट खडक उरतो. भरतीला बुडणारा, ओहोटीला उघडा पडणारा तो तरंगघर्षित मंच. भूपट्टांच्या रेट्यानं तोच लाटांच्या टप्प्याबाहेर उचलला गेला की झाली वेदिका. मागच्या कड्यापर्यंतही मग लाटा पोचत नाहीत आणि तो पावसापाण्यानं हळूहळू बोथट होतो. अशा वेदिकांची चढती रांग म्हणजे सोपान. माझ्यापुरता तरी हिशेब एवढाच.

— सोपान म्हणा, पण एक मेख आहे. जिना खालून बांधत नेतात; इथे सहसा सगळ्यात वरची पायरी सगळ्यात जुनी. शिवाय दर पायरीमागे एक भूकंप, असंही नाही. जमीन संथ वर येत राहते, हिमयुगांनुसार समुद्र चढतो-उतरतो, आणि चढून जिथे थबकतो तिथे मंच कोरला जातो. सुमारे १,२५,००० वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा ६ ते ९ मीटर वर होता. त्या वेळच्या कड्याचा पायथा आज १३१ मीटरवर सापडला, तर तेव्हाचे किमान ६ वजा करा: १२५ मीटर उत्थान, म्हणजे वर्षाला १ मिलिमीटर. हे ६ वजा करायला लोक हमखास विसरतात.

— झटक्याचीही उदाहरणं आहेत की. १८३५च्या चिलीतल्या भूकंपानंतर सांता मारिया बेटावर भरतीरेषेच्या १० फूट वर खडकाला चिकटलेले मेलेले शिंपले दिसले. डार्विननं ते नोंदवलंय. न्यूझीलंडमध्ये तुराकिराए इथला किनारा १८५५ साली ६ मीटरच्या आसपास उचलला गेला. तिथे लाटांनी रचलेले दगडगोट्यांचे जुने बांध आहेत, म्हणून 'उन्नत पुळण' (वर उचललेली पुळण) जास्त नेमकं. आणि अशा ठिकाणी कृपा करून 'समुद्र मागे हटला' लिहू नका. हटला नाही, जमीन वर आली.

— (प्रश्नकर्ता) तेच लिहून बसलो होतो! खोडलं. 'क्लिफ'ला कडाच ठेवतो. हिंदी पुस्तकांतला 'भृगु' वाचला की ऋषीच डोळ्यांसमोर येतो. आता वाक्य असं : 'मंच उचलला गेला, त्याची वेदिका झाली, आणि लाटा खाली नवा मंच कोरू लागल्या.'