मदत हवी आहे: बफचॅनच्या बफरमध्ये अडकणाऱ्या ओळी

आयएनएन या यूजनेटच्या न्यूज सर्व्हरवर बऱ्याच साइट्ससाठी (आमच्याकडून लेख घेणारे दुसरे सर्व्हर) बॅच फाइल्स, म्हणजे पाठवायच्या लेखांच्या याद्या, बनवतो. कोणाला काय पाठवायचं ते ठरवणाऱ्या न्यूजफीड्स फाइलमध्ये सगळ्या साइट्सच्या ओळी बफचॅन या आयएनएनच्याच प्रोग्रामकडे वळवल्यात (फनेल). इनएनडीकडून (आयएनएनचा मुख्य प्रोग्राम) येणाऱ्या ओळी बफचॅन प्रत्येक साइटच्या फाइलमध्ये लिहितो. रहदारीच्या साइट्सचं सगळं सुरळीत. अडचण आहे ती शांत साइट्सची. त्यांच्या ओळी बफर (मेमरीतली तात्पुरती साठवण) भरेपर्यंत आतच राहतात, आणि बॅच उचलणाऱ्या स्क्रिप्टला रिकामी फाइल मिळते. कधी तर शेवटची ओळ मध्येच तुटलेली असते.

काय करून पाहिलं:

बफचॅनला '-एल' (लहान) हा पर्याय देऊन ठराविक ओळींनंतर फ्लश (बफरमधलं फाइलमध्ये लिहिणं): शांत साइटवर तेवढ्या ओळी जमायलाच वेळ लागतो. '-यू'ने बफरिंग बंद: चाललं, पण दर ओळीला डिस्कवर लिहिणं आलं, मग बफचॅन ठेवायचाच कशाला? स्क्रिप्टमध्ये आधी फाइलचं नाव बदलून मग सीटीएलइनएनडी (इनएनडीला आज्ञा देणारी कमांड) वापरून फ्लश: बफचॅन फाइल उघडीच धरून ठेवतो, त्यामुळे फ्लश पोचेपर्यंतच्या ओळी जुन्या फाइलमध्येच जातात. ते चालेल, पण फ्लश नक्की पूर्ण झाला हे स्क्रिप्टला कसं कळावं? सध्या आंधळेपणाने स्लीप (ठराविक वेळ थांबणं) टाकलंय.

इनफीड (थेट नेटवर्कवरून लेख पाठवणारा प्रोग्राम) सुचवू नका, पलीकडच्या साइट्स यूयूसीपीवर (अधूनमधून जोडून फाइल्स पाठवायची जुनी पद्धत) आहेत. इनएनडी वारंवार रीस्टार्ट करणंही शक्य नाही. डिस्क्रिप्टरची (एका वेळी उघड्या ठेवता येणाऱ्या फाइल्सची) मर्यादा पुरेशी आहे, तपासली.

आता मोठ्या 'एल'ने दर ठराविक सेकंदांनी फ्लश लावायचा विचार आहे. ती वेळ बफचॅन स्वतःहून तपासतो, की पुढची ओळ आल्यावरच?