मिरजेची गीता विसरू नका

गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत शिळाप्रेसवर, म्हणजे दगडावरून छापायच्या यंत्रावर, पंचांग छापलं, तिथून मराठी मुलखातल्या छपाईची सुरुवात धरावी, असं म्हणतात. त्यांचं काम थोरच, पण आमच्या सांगलीकडे या, मिरजेत १८०५ साली भगवद्गीता छापली गेली होती!

मूळ खटपट पुण्याची. पेशवे दरबारातला इंग्रज वकील मॅलेट याच्या प्रोत्साहनाने नाना फडणवीसांनी एका तांबटाकडून छपाईसाठी गीतेचे ताम्रपट कोरायला घेतले. १८०० मध्ये नाना वारले, काम थांबलं. मग त्या कारागिराला मिरजेचे संस्थानिक गंगाधरराव पटवर्धन यांनी आश्रय दिला आणि गीता पुरी झाली.

हे सुट्या खिळ्यांचं, म्हणजे धातूची एकेक सुटी अक्षरं जुळवून केलेलं मुद्रण नव्हे, एवढं मान्य. पण कसब बघा. दानपत्राचा ताम्रपट सुलटा कोरायचा. छापायचा म्हणजे सगळं उलटं. ‘कि’ची वेलांटी उजवीकडे, ओळ उजवीकडून डावीकडे. एक अक्षर चुकलं तर खिळा बदलावा तसं बदलता येत नाही. सातशे श्लोक असे कोरलेत त्या माणसाने! मला तर त्याचं फार अप्रूप वाटतं. मुद्रणाच्या इतिहासात ही गीता तळटीपेत ढकलतात, ते मला पटत नाही.