डिहायड्रेटरमध्ये वाळवलेल्या चिकूला बरणीत बुरशी येते, काय चुकतंय?

अंगणचिकू

नमस्कार मंडळी. दारात कालीपत्ती चिकूची दोन झाडं आहेत, परसात टोमॅटो आणि शेवगा. पाच ट्रेचा गोल डिहायड्रेटर आहे, पंखा खाली, ४०० वॉट. चिकूच्या साधारण १० मिमी जाडीच्या चकत्या ७० अंशांवर ८ तास ठेवल्या. वरून कडक लागल्या म्हणून लगेच बरणीत भरल्या. आठव्या दिवशी एका बरणीला आतून दव धरलं आणि चकत्यांवर पांढरी बुरशी आली. दुसरीत बुरशी नाही, पण चकत्या एकमेकींना चिकटल्यात. टोमॅटो ट्रेला चिकटून बसतात आणि शेवग्याचा पाला काळा पडतो. पालघर बाजूला हवा अजून दमट आहे, त्यामुळे होतंय का? दुसरी बरणी वाचेल का?

वाळवण_कट्टा

बुरशी आलेली बरणी अख्खी टाकून द्या. खराब चकत्या वेचून बाकीच्या ठेवू नका, बुरशीचे तंतू दिसतात त्यापेक्षा बरेच पसरलेले असतात.

मूळ चूक ७० अंशांची. इतक्या उष्णतेने चकतीचा वरचा थर झटकन सुकून आवळतो आणि आतलं पाणी कोंडतं. बरणीत गेल्यावर तेच पाणी हळूहळू बाहेर येतं. चिकूत साखर भरपूर, त्यामुळे वरचा थर आणखी लवकर बंद होतो. ५५ ते ५७ अंश ठेवा आणि जाडी ५-६ मिमीच्या वर नेऊ नका. जाडी दुप्पट केली की वेळ दुप्पट होऊन भागत नाही, तिप्पट-चौपट लागतो, कारण पाण्याला मधल्या गरापासून वरपर्यंत यायचं असतं.

फळ पिकलेलं पण घट्ट हवं. बोटाने दाबल्यावर किंचित दबलं पाहिजे, खड्डा पडता कामा नये. कच्च्या चिकूत चीक असतो, वाळवल्यावर तो घशाला तुरटपणा आणतो. फार पिकलेला कापताना लगदा होतो. साल काढा, उभा चिरून बिया काढा आणि मग काप करा. बीला टोकाशी आकडा असतो, तुटलेला तुकडा गरात राहून घशात अडकू शकतो. बी काढल्यावर गरातून एकदा बोट फिरवून बघा.

तासांवर विसंबू नका, वजन करा. सोलून-बिया काढून १ किलो गर घेतला तर त्यात साधारण पाऊण किलो पाणी असतं. नीट वाळल्यावर २८० ते ३०० ग्रॅम उरायला हवं. ३५० ग्रॅमवर थांबलात तर एक चतुर्थांशाहून जास्त वजन अजून पाण्याचंच आहे, आणि ते बुरशीला पुरतं. ५-६ मिमी चकत्यांना १२ ते १६ तास सहज लागतात.

चिकटलेली बरणी वाचेल, पण वास घेऊन. आंबूस किंवा कुबट वास आला तर टाका. वास स्वच्छ असेल तर चकत्या सुट्या करून ५५ अंशांवर ३-४ तास ठेवा आणि पुन्हा तपासा.

हवामान_आणि_हिशोब

दमट हवेचा प्रश्न थोडा उलगडून सांगतो, कारण मशीन बिघडलंय असा समज इथे बऱ्याचदा होतो. बाहेर २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर तीच हवा ५५ अंशांना तापली की आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते. म्हणजे पावसाळ्यातही चिकू वाळतात, फक्त हिवाळ्यापेक्षा वेळ जास्त लागतो. तीच हवा ४० अंशांना तापवली तर आर्द्रता ४३ टक्क्यांजवळ राहते. म्हणून पालेभाज्या कमी तापमानावर लावल्या की या दिवसांत रेंगाळतात.

दुसरं कारण खोलीचं. दीड किलो चिकूतून लिटरभर पाणी वाफ होऊन त्याच खोलीत येतं. दार-खिडकी बंद असेल तर मशीन तीच ओलसर हवा परत ओढतं. खिडकी उघडी ठेवा किंवा स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट लावा.

पंखा खाली असलेल्या यंत्रात खालचा ट्रे जास्त तापतो, वरचा मागे राहतो. दर दोन तासांनी ट्रे वरखाली करा, शिवाय प्रत्येक ट्रे अर्धा वळसा फिरवा. डायलवरचा आकडा आणि ट्रेवरचं तापमान यात ५-१० अंशांचा फरक पडू शकतो. स्वयंपाकाचा थर्मामीटर मधल्या ट्रेवर ठेवून एकदा मोजून घ्या. विजेचं म्हणाल तर ४०० वॉट सलग १४ तास चाललं तरी ५.६ युनिट. हीटर मधेमधे बंद होतो, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून कमीच.

गच्चीवरचा_शेवगा

टोमॅटो लांबट, गराचे घ्या. रसाळ गोल टोमॅटो वाळवून हाती फार काही लागत नाही, किलोमागे ६० ग्रॅमच्या आसपास. चकत्यांऐवजी उभे दोन भाग करा, चमच्याने बियांचा गाळ काढा आणि सालीची बाजू खाली, कापलेली वर अशी मांडणी करा. साल ट्रेला चिकटत नाही. मीठ भुरभुरायचं तर अगदी चिमूटभर, कारण वाळताना खारटपणा चांगलाच वाढतो. ५७ ते ६० अंश ठेवा आणि अर्ध्या वेळेनंतर बोटाने हलकेच दाबून सपाट करा, म्हणजे मधला फुगवटा ओला राहत नाही.

शेवग्याचा पाला काळा पडतो तो बहुतेक ओलाच ट्रेवर गेल्यामुळे. धुतल्यावर सुती कापडात गुंडाळून झटका आणि पंख्याखाली तासभर पसरा. मग ४५ ते ५० अंश. थर एकाच पानाचा असावा, ढीग केला की मधली पानं वाफेत शिजतात. जाड देठ आधी काढा, पानं वाळली तरी ते ओलेच राहतात. हलकी पानं पंख्याने उडतात, म्हणून वर रिकामी जाळी पालथी घाला. पान चिमटीत चुरलं की झालं. पूड लगेच न करता पानं अख्खी, अंधारात ठेवा. उजेडात महिन्याभरात हिरवा रंग जातो.

एक सूचना चिकूबद्दल: लिंबूपाणी, साखरेचा पाक वगैरे करू नका. केळ्याला किंवा सफरचंदाला लिंबू उपयोगी आहे, चिकू मुळातच तपकिरी. पाकाने चकती चिकट होते आणि वाळायला आणखी रडते.

अंगणचिकू

धन्यवाद! ७० अंशांचाच घोटाळा दिसतोय. पण बरणीत भरायच्या आधी खात्री कशी करायची? वाळलेले टोमॅटो लसणासोबत तेलात ठेवले तर चालतील का?

वाळवण_कट्टा

गरम चकती हाताला मऊ लागते, थंड झाल्यावर कडक होते. म्हणून तीन-चार तुकडे ट्रेवरून काढून पंधरा मिनिटं थंड होऊ द्या. मग मधोमध चिरा. कापलेल्या कडेला गडद, ओलसर पट्टा दिसला तर परत लावा. दुमडून दाबल्यावर चकती स्वतःला चिकटली तरी अजून वेळ आहे.

नंतर काचेची बरणी दोन तृतीयांशच भरा, झाकण लावा आणि सात ते दहा दिवस रोज एकदा हलवा. ओलसर आणि कोरड्या तुकड्यांतला ओलावा एकमेकांत मुरून सारखा होतो. काचेला आतून दव दिसलं की सगळं बाहेर काढून दोन तास ५५ अंशांवर. हे दिवस गेल्यावरच हवाबंद करा.

लसूण घातलेलं तेल बाहेर ठेवू नका, टोमॅटो कितीही वाळलेले असोत. लसणाच्या ओलाव्यात, तेलाखाली हवा नसताना बोट्युलिझमचे (जीवघेण्या अन्नविषबाधेचे) जिवाणू वाढू शकतात आणि वासावरून ते कळत नाही. थोडंच करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. टोमॅटो कोरडेच साठवले तर ही भीती नाही, हवे तेव्हा कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवले की भाजीत घालता येतात.